वृत्तपत्रांच्या जुन्या फायली आणि मोटारगाडीचा इतिहास

मोटारगाडीच्या आरंभकालाचा इतिहास दीर्घकाळ कारखान्यांच्या स्मरणिका, हौशी संग्राहकांच्या टिपा आणि उत्तरायुष्यात लिहिलेल्या आठवणी यांवर विसंबून राहिला. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९९७ साली आरंभिलेला ‘गालिका’ हा संग्रह आणि अमेरिकेत २००७ साली सुरू झालेला ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ यांमुळे त्या काळची वृत्तपत्रे आता घरबसल्या वाचता येतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करताना बखरीपेक्षा समकालीन कागदास अधिक प्रमाण मानले. त्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकास वृत्तपत्र हाही असाच समकालीन कागद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वृत्तपत्र हे केवळ पाहणारे नसते. पुष्कळदा ते घटनेचे कर्तेही असते. हा भेद दृष्टीआड केला, तर साधन विपुल असूनही निष्कर्ष दुबळा राहतो.

२२ जुलै १८९४ रोजी झालेली पॅरिस ते रूआँ ही चाचणी या दृष्टीने उद्बोधक आहे. आजच्या बहुतेक पुस्तकांत तिचा उल्लेख ‘जगातील पहिली मोटार-शर्यत’ असा येतो. ‘ल प्ती झुर्नाल’ या पत्राने डिसेंबर १८९३ मध्ये जी घोषणा केली, तीत मात्र बिनघोड्यांच्या गाड्यांच्या स्पर्धात्मक परीक्षेचा संकल्प होता, आणि गाडी निर्धोक, चालविण्यास सुलभ व प्रवासात अल्पखर्ची असावी, या तिच्या कसोट्या होत्या. वेग ही मुख्य कसोटी नव्हती. काउंट द दियों यांची वाफेची गाडी सर्वांआधी रूआँस पोहोचली. तरी तिला पहिले पारितोषिक मिळाले नाही, कारण तिच्यावर चालकाखेरीज भट्टीवाला लागत असे. पाच हजार फ्रँकचे पहिले पारितोषिक पानार-लव्हासोर आणि प्यूझो यांना विभागून देण्यात आले. मागाहून रूढ झालेली ‘शर्यत’ ही संज्ञा मूळ अंक वाचताच डळमळते. जुन्या फायलींचा हा निःसंशय लाभ होय.

परंतु त्याच फायली दुसऱ्या अंगाने फसवितात. या चाचणीसाठी १०२ नावे दाखल झाली होती. प्रत्यक्ष निघाल्या २१ गाड्या, आणि १७ मुक्कामी पोहोचल्या. नोंदणीच्या यादीवरून १८९४ साली शंभरांवर गाड्या धावण्यास सिद्ध होत्या, असे अनुमान काढले तर ते कागदाला धरून असूनही खोटे ठरेल. यादीतील अनेक गाड्या केवळ संकल्पात होत्या. शिवाय स्पर्धेचा पुरस्कर्ता, नियमकर्ता आणि वृत्तदाता हे एकच पत्र होते, आणि स्पर्धेची कीर्ती वाढविण्यात त्याचा स्वार्थ होता. न्यायाधीशानेच लिहिलेला निवाडा आणि त्याच निवाड्याचे वृत्त यांना दोन स्वतंत्र साक्षी मानता येत नाही.

या चाचणीचे संयोजक प्येर जिफार हे पुढे ‘ल व्हेलो’ या क्रीडापत्राचे संपादक झाले. ड्रेफस प्रकरणावरून त्यांचे आणि द दियों यांचे तीव्र मतभेद झाले, आणि द दियों व इतर कारखानदारांनी १९०० साली ‘लोतो-व्हेलो’ हे प्रतिस्पर्धी पत्र काढले. १९०३ पासून ते ‘लोतो’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या काळातील एखाद्या गाडीची स्तुती वा निंदा वाचताना ती कोणत्या पत्रात आली, आणि त्या पत्रात पैसा कोणाचा होता, हे आधी विचारावे लागते. एकाच दिवसाची दोन पत्रे शेजारी ठेवून वाचणे ही येथे चैन नसून पद्धतीची गरज आहे.

शब्दांची अडचण याहून सूक्ष्म आहे. शिकागोच्या ‘टाइम्स-हेरल्ड’ने २८ नोव्हेंबर १८९५ रोजी बर्फातून जी शर्यत घडविली, तीत सहा गाड्या निघाल्या, दोनच पोहोचल्या, आणि फ्रँक ड्युरिया विजयी ठरले. या नव्या वाहनास नाव सुचविण्यासाठीही त्या पत्राने पारितोषिक ठेवले होते, आणि ‘मोटोसायकल’ हा शब्द निवडला. ‘ऑटोमोबील’ हा एकच शब्द यंत्राला शोधावयास सांगणाऱ्या अभ्यासकाच्या हाती त्या वर्षाचे कितीतरी लेख लागणार नाहीत. त्यातच पुसट छपाईची अक्षरे यंत्र चुकीची वाचते. म्हणून शोधात काही न सापडणे हा अभावाचा पुरावा होऊ शकत नाही; अंक पानोपान चाळणे अजून सुटलेले नाही.

अग्रलेखापेक्षा जाहिराती अधिक प्रामाणिक असतात, असाही एक समज आहे. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली ८५० डॉलरांस जाहीर झाली, आणि १९१६ पर्यंत तिच्या पाच आसनी प्रकाराची किंमत ३६० डॉलरांवर आली. तारीखवार जाहिरातींवरून हा उतार नीट मांडता येतो. परंतु ही किंमत कारखान्याच्या दाराशी मोजावयाची; वाहतुकीचा खर्च निराळा. ग्राहकाने प्रत्यक्ष काय दिले, हे विक्रेत्याच्या खातेवहीतून पाहावे लागते.

तात्पर्य, वृत्तपत्र हे बखर आणि पत्र यांच्या मध्ये उभे असते. त्याची तारीख बहुधा विश्वसनीय, त्याचे आकडे तपासण्याजोगे, आणि त्याचे विशेषण नेहमीच संशयास्पद. एखादे विधान फायलीत सापडले, एवढ्याने ते सिद्ध होत नाही; ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने छापले याचे उत्तर मिळाल्यावरच त्यास साधनाची योग्यता येते.