एडवर्ड

स्कॉटिश बोलीतील एक विख्यात शोकात्म बॅलड (कथागीत). टॉमस पर्सी (१७२९–१८११) ह्याने संपादिलेल्या रेलिक्स ऑफ एन्शंट इंग्लिश पोएट्री (१७६५) ह्या संग्रहात ते प्रसिद्ध झाले. फ्रान्सिस जेम्स चाइल्डच्या द इंग्लिश अँड स्कॉटिश पॉप्युलर बॅलड्स (१८८२–९८) ह्या संकलनात त्याचा क्रमांक १३ आहे.

पितृहत्या हा ह्या बॅलडचा विषय. तथापि हत्येचे वर्णन त्यात कोठेही नाही. त्यातील सातही कडवी आई व मुलगा ह्यांच्या संवादाची असून निवेदकाला तेथे स्थान नाही. प्रत्येक कडव्यात आई विचारते व मुलगा उत्तर देतो. प्रमुख ओळी दोनदा येतात आणि परस्परांची संबोधने पालुपदासारखी घुमत राहतात. तलवारीवरचे रक्त आधी ससाण्याचे, मग घोड्याचे असल्याचे मुलगा सांगतो. आई ही उत्तरे खोडून काढते. तिसऱ्या कडव्यात पित्याच्या वधाची कबुली मिळते. अल्पशा फरकाने कथा पुढे नेणाऱ्या ह्या आवर्तनास एफ्. बी. गमीअर ह्या अमेरिकन अभ्यासकाने ‘वर्धमान पुनरावृत्ती’ ह्या अर्थाची संज्ञा दिली.

पुढील प्रश्न प्रायश्चित्त, वाडे, बायकामुले आणि अखेरीस स्वतः आई ह्या क्रमाने येतात. मुलगा नावेतून समुद्रापार जाणार. वाडे ढासळोत, बायकामुलांनी भीक मागावी. निरवानिरवीचा हा साचा लॉर्ड रँडल ह्या बॅलडमध्येही आढळतो. येथे मात्र आईच्या वाट्याला नरकाचा शाप येतो. कारण हत्येचा सल्ला तिचाच होता. ह्या शेवटामुळे मागील सर्व प्रश्नांचा अर्थ पालटतो.

सल्ला देणारी आई अजाणतेपणी कशी विचारेल, असा आक्षेप घेता येतो. मौखिक परंपरेतील अनेक पाठांत वध भावाचा असून भांडणाचे निमित्त एखादे रोपटे तोडण्याइतके क्षुल्लक असते. पर्सीच्या पाठावर सुशिक्षित कवीचा हात फिरला असावा, असे बर्ट्रंड ब्रॉन्सनने १९४० मध्ये प्रतिपादिले. हे मत मान्य केले, तरी ही विसंगती अर्थपूर्णच ठरते. अपराधातील भागीदार तो अपराध दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेते आणि स्वतः नामानिराळी राहू पाहते. प्रश्न विचारणे हाच तिचा बचाव होय. स्वतःच्या वाट्याचा प्रश्न विचारताच तो कोसळतो. रचनेचा साचा आणि नैतिक आशय येथे एकरूप झाले आहेत.

हेर्डरने केलेल्या जर्मन अनुवादावरून स्फूर्ती घेऊन ब्राम्सने १८५४ मध्ये एक पियानोरचना केली.