पिट्सबर्गचा भूमिकर आणि घरबांधणी

इमारतीवर कर हलका व जमिनीवर भारी ठेवल्यास मालक जमीन पडीक ठेवणार नाही, या हेन्री जॉर्जप्रणीत विचाराचे समर्थक अमेरिकेतील पिट्सबर्गकडे बोट दाखवितात. तेथे १९७९-८० मध्ये जमिनीवरील दर इमारतींच्या दराच्या पाचपटींहून अधिक झाला आणि बांधकाम वाढले. ओट्स व श्वाब यांनी मात्र १९९७ च्या निबंधात त्याचे मुख्य श्रेय व्यापारी जागेच्या टंचाईला दिले. भूमिकरामुळे इतर करांची वाढ टळली, एवढेच त्याचे साहाय्य. हा संयम स्तुत्य होय. निबंध उद्धृत करणारे तोच विसरतात आणि कचेऱ्यांचे मजले घरांच्या हिशेबात धरतात! जमिनीचे मूल्यांकन हा प्रश्न तर ते टाळतातच. वस्तुतः २००१ मध्ये फेरमूल्यांकनाच्या गदारोळातच पिट्सबर्गने ही पद्धत सोडली.