गेटावरचं दर्शन

मुंबईत सिनेमावाल्यांची घरं, स्टुडिओ आणि जुन्या जागा बसमधून दाखवायचा एक रीतसर धंदा आहे. थंडगार बस, माइक घेतलेला गाईड, पाण्याची बाटली आणि सहा-सात तास. आपल्या पानांवर कवितासंग्रहाचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं, मग या सहलीचं काहून नाही? तीसुद्धा एक संहिताच आहे. तिच्यात नायक आहेत, निवेदक आहे, गाळलेली पानं आहेत. आणि आपला कवितासंग्रह वर्षभरात जेवढे लोक वाचत नाहीत, तेवढे हिला आठवड्यात ऐकून जातात. म्हणून दोस्तहो, हे परीक्षण.

गेल्या ६ डिसेंबरला एटापल्लीहून आम्ही काहीजण चैत्यभूमीवर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबतच्या दोन पोट्ट्यांनी हट्ट धरला. दोघंही मोबाईलवर व्हिडीओ बनवतात. एकाला तर मुंबईतच राहून नशीब काढायचं आहे, तो घरी तसं सांगूनच निघाला होता. तिकिटाचे पैसे त्यांनी तेंदूपत्त्याच्या हंगामातले राखून ठेवले होते. त्या पैशात किती पुडे बसतात हे ज्याला समजतं, त्याला ही सहल फुकटची करमणूक वाटणार नाही. माल बरोबर मिळाला का, हे तपासायचा आपला हक्क आहे.

पहिलं काय मिळालं? गेट. वांद्र्याच्या बँडस्टँडला शाहरुख खानच्या मन्नतचं गेट, जुहूला अमिताभ बच्चनच्या जलसाचं गेट, मेहबूब स्टुडिओचं गेट. बस थांबते, लोक उतरतात, गेटाकडे पाठ करून फोटो काढतात, चढतात. एका बाईनं चपला काढून गेटाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. "भाऊ, आतमंदी जाऊ देत नाही काय?" असं आमच्या पोट्ट्यानं विचारलं, तेव्हा गाईड हसला. म्हणाला, "आत जायला मिळालं तर मजा काय राहिली दादा?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. बाहेर उभं राहण्यातच धन्यता मानायची, ही शिकवण या मातीत नवी नाही. पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबाची समाधी आहे, आत नाही. आणि चोखोबा मेला कसा? मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंत अंगावर कोसळून. भिंत बांधणारा भिंतीखाली आणि समाधी दाराबाहेर. भक्तीनं त्याचे अभंग ठेवले, त्याची मजुरी विसरली. ही सिनेमाची सहल नेमकं तेच करते. ती गेट दाखवते, भिंत कोणी बांधली ते सांगत नाही.

आता गाळलेल्या पानांकडे येऊ. बस दादरवरून गेली, थांबली नाही. दादर पूर्वेला मेन रोडवर फाळक्यांचा स्टुडिओ होता. आज त्या रस्त्याला दादासाहेब फाळके रोड म्हणतात. 'राजा हरिश्चंद्र' तिथे तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. भारतीय सिनेमाची गंगोत्री वगैरे जे काय म्हणतात, ती ही जागा. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हिंदू कॉलनीत राजगृह आहे. दोन्ही ठिकाणं एका फेरीत बघता येतील. पण रस्ता अरुंद, बस उभी राहत नाही, आणि फोटोत घ्यायला कोणी हिरो नाही.

थांबली असती तर मी गाईडला 'हरिश्चंद्रा'ची गोष्ट सांगायला लावली असती. सत्त्वासाठी राजा राज्य देतो, बायको-पोराला विकतो, शेवटी काशीच्या स्मशानात डोंबाची चाकरी करतो. राजा किती खाली गेला हे मोजायची पट्टी कोणती? डोंब. डोंबाचं स्वतःचं सत्त्व काय, त्याच्या घरी कोण आहे, तो रोज प्रेतं जाळून काय खातो, हे या कथेला कधी विचारावंसं वाटलं नाही. आपल्या देशातला पहिला लांबीचा चित्रपट या पट्टीवर उभा आहे. फाळक्यांची जिद्द, कारागिरी, कर्ज काढून केलेली धडपड यांना माझा सलाम आहेच. तारामतीचं काम करायला एकही बाई मिळेना, तेव्हा हॉटेलातल्या अण्णा साळुंके या माणसाला त्यांनी लुगडं नेसवलं. 'लंकादहना'त (१९१७) याच साळुंकेंनी रामही केला आणि सीताही. हे सगळं ऐकायला रंजक आहे. पण डोंबाचा प्रश्न उरतोच.

आणखी एक गोष्ट. फाळक्यांचा मुक्काम पुढे नाशकात. १९३० च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला. त्याच काळात त्याच नाशकातल्या हिंदुस्थान कंपनीनं 'सेतुबंधन' काढला, १९३२ साली. विषय रामाचाच. म्हणजे एक राम पडद्यावर, तो तिकिटाचे पैसे देईल त्याला दिसणार. दुसरा राम देवळात, त्याच्या दारात आपले बापजादे लाठ्या खात उभे. सिनेमानं आपल्या माणसाला अंधारात का होईना शेजारच्या बाकावर बसवलं, हे मी नाकारत नाही. पण पडद्यावर त्याला कुठं बसवलं, हा हिशेब वेगळा मांडायला पाहिजे.

तो हिशेब मांडायची जागा मालाडला आहे. बॉम्बे टॉकीज, १९३४ ला सुरू झालेलं. आज तिथे छोटे कारखाने आणि पडक्या भिंती. सहलीत नाही. इथूनच १९३६ ला 'अछूत कन्या' आला. देविकाराणी कस्तुरी झाली, अशोककुमार ब्राह्मणाचा मुलगा. प्रेम होतं, लग्न होत नाही, आणि शेवटी गाडी वाचवायला कस्तुरी रुळावर मरते. प्रेक्षक रडले. त्याच १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापून काढलं. एका बाजूला मरून दाखवणारी अछूत, तिला टाळ्या. दुसऱ्या बाजूला तोंड उघडणारा अछूत, त्याला सभाबंदी. तेवीस वर्षांनी, १९५९ ला, 'सुजाता' आला. नूतननं काम सुरेख केलं यात वाद नाही. पण तिथेही पोरीला रक्त द्यावं लागतं, मग ती घरातली होते. आपलं माणूसपण दरवेळी आपल्या रक्तानं सिद्ध करायचं, ही या दयाळू सिनेमाची अट. तिला दगड मारायला २०१३ चा 'फँड्री' यावा लागला. जब्याचा तो दगड थेट प्रेक्षकाच्या तोंडावर येतो.

दुपारनंतर गोरेगावची चित्रनगरी. राज्य सरकारनं १९७७ साली उभारली, २००१ पासून तिला फाळक्यांचं नाव आहे. इथे मात्र सहल रंगते, हे कबूल. एक देऊळ दाखवतात. आतला देव गोष्टीप्रमाणे बदलतो असं गाईड म्हणाला. आज शंकर, उद्या देवी. आमची पोरं बिनधास्त गाभाऱ्यात शिरली आणि खदखदा हसली. भाड्याच्या देवाला विटाळ नाही! मग कोर्ट. इथे हिरो ओरडतो आणि न्याय होतो. मला 'कोर्ट' (२०१४) आठवला. त्यात आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी नारायण कांबळे हा शाहीर उभा केला. न ओरडता. तारखा पडत राहतात, न्यायाधीश सुट्टीवर जातात, आणि गटारात मेलेल्या कामगाराबद्दल कोणाला काही वाटत नाही. वीराभाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले. गाईडला हे नाव ठाऊक नव्हतं. त्याचा दोष नाही, त्याला जी पोथी पाठ करून दिली ती तो म्हणतो.

मग जंगल. गाईड म्हणाला, "हे आमचं ऑल-इन-वन जंगल. चंबळ, आफ्रिका, नक्षलवादी, सगळं इथेच." एटापल्लीच्या पोट्ट्यांना जंगल दाखवतो! दुसऱ्यानं मला हळूच विचारलं, "भाऊ, इथं मोहाचं झाड कोठं हाये?" पडद्यावर आमच्याकडचा माणूस येतो तो पिसं लावून भाला घेऊन, नाहीतर हेमलकशाच्या डॉक्टरांवरच्या चित्रपटात (२०१४) येतो तसा रोगी म्हणून. चांगल्या माणसाचा चांगुलपणा दिसायला समोर एक दुबळा लागतो, तो आम्ही पुरवतो. 'न्यूटन' (२०१७) छत्तीसगडात दल्ली-राजहराकडे घेतला. त्यातली मलको ही गोंड शिक्षिका निदान प्रश्न विचारते आणि शहरी बाबूला त्याचं अज्ञान दाखवते. तशा बाया आमच्या तालुक्यात ग्रामसभेत मी बघितल्या आहेत, पडद्यावर एवढी एकच.

आणि खरी गंमत पुढे. चित्रनगरीच्या हद्दीत वारल्यांचे पाडे आहेत, चित्रनगरीच्या आधीपासूनचे. बसमधून ते ओझरते दिसले. माइक तेवढ्या वेळात बंद होता. खोट्या पाड्याची माहिती द्यायला गाईड, खऱ्या पाड्याला शांतता. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते, पण बाहेरच्यांना तिथे फक्त लोहखनिज दिसतं. तसंच हे.

स्टुडिओवाल्यांची तरी जमीन कुठे राहिली म्हणा. चेंबूरचा आर. के. १९४८ चा. २०१७ ला आग लागली, २०१९ ला बिल्डरला विकला गेला. गोरेगावचं फिल्मिस्तान २०२५ ला त्याच वाटेनं गेलं. गाईडचा गळा या ठिकाणी दाटून येतो, रोज येत असणार. त्याच चेंबुरात सिद्धार्थ कॉलनी आहे, तिच्यासाठी दाटत नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले. त्यांच्या 'वैजयंता'वर १९६१ ला चित्रपट निघाला. सिनेमाच्या जागा दाखवता ना, मग ही घ्या. मी असं म्हणालो तेव्हा गाईड म्हणाला, "काका, तिकडे बस नाही जात."

सगळ्यात मोठं गाळलेलं पान मात्र कामगारांचं. लाइटमन, सेटिंगवाले सुतार, रंगारी, स्पॉटबॉय, ज्युनिअर आर्टिस्ट. १ ऑक्टोबर २००८ रोजी पगार वेळेवर मिळावा, कामाचे तास ठरावेत म्हणून या लोकांनी संप केला. एक लाखाहून जास्त कामगारांच्या संघटना त्यात होत्या आणि शूटिंगं थांबली. सिनेमाच्या इतिहासातला हा प्रसंग सहलीत एका वाक्यानंही येत नाही. आमच्या बाजूचा एक पोरगा अशाच एका सेटवर प्लायवूड ठोकतो. पोट्ट्यांनी त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, पाळी सोडून येता येत नाही. तो चित्रनगरीतच होता. आमची बस त्याच्या अर्ध्या किलोमीटरवरून गेली असेल.

काही मित्र म्हणतील, मग आपली सहल काढू. सावध रहा. 'सैराट' (२०१६) आल्यावर करमाळ्याकडे लोक झाड बघायला, विहीर बघायला गेले. आर्ची बसली त्या जागी फोटो काढले. जात बघून केलेल्या खुनावरचा चित्रपट, आणि त्यातून उरलं काय, तर फांदी. गेट असो की झाड, बघणाऱ्याला प्रश्न पडला नाही तर दोन्ही सारखेच.

परतताना वडसा लागलं. देसाईगंज. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं, दारावर फलक, आत तारखा घेणारा माणूस. दिवाळीनंतर धान कापून झालं की मंडई भरते आणि रात्रभर नाटक. याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली. इथे गेट नाही, मालक समोर खुर्चीत बसलेला असतो. इथलंही सगळं गोड आहे असं नाही. पोस्टरवर मुंबईच्या नटाचं नाव मोठं आणि इथल्याचं बारीक, नट्यांना किती मिळतं ते कोणी सांगत नाही. मुंबईत राहायचं म्हणणारा आमचा पोट्टा त्या फलकांपुढे बराच वेळ उभा होता, मग आत जाऊन त्यानं विचारलं, लाईटचं काम शिकायला घेता काय. त्यांनी मंडईनंतर ये म्हणून सांगितलं.

वाचकांपैकी कोणी सेटवर, लाईटवर, रंगात किंवा वडशाच्या कंपन्यांत काम केलं असेल तर लिहून पाठवा. रोज किती मिळाला, जेवण कुठं दिलं, कपबशी वेगळी होती का, अपघात झाला तेव्हा दवाखान्यात कोणी नेलं. शुद्धलेखनाची काळजी करू नका.