कोणाच्या पायलीनं मोजायचं? विद्यार्थ्यांची रेटिंग्ज आणि विद्यापीठांची तुलना

आजचा विषय घराघरातला आहे. बारावीचा निकाल लागला किंवा पदवी हातात आली, की घरात एक मोबाइल या हातातून त्या हातात फिरू लागतो. त्यावर दोन विद्यापीठं उघडलेली असतात. एकाला 4.3 तारे, दुसऱ्याला 3.9. खाली विद्यार्थ्यांचे अभिप्राय: शिक्षक चांगले, होस्टेल भंगार, पैसे वाया गेले, आयुष्यातली सर्वोत्तम वर्षं. घरात कोणीतरी म्हणतं, ते 4.3 वालं बरं दिसतंय. आणि या बरं दिसण्यावर कधी कधी पंचवीस-तीस लाखांचं कर्ज उभं राहतं.

आमचा प्रश्न एवढाच आहे: या दोन आकड्यांची वजाबाकी करता येते का? आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विद्यार्थ्याचा अभिप्राय हा पुरावा आहे आणि तो फेकून देण्यासारखा अजिबात नाही. पण तो त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाविषयीचा पुरावा आहे. तुलनेचा नाही. तुलना त्यानं केलेलीच नसते; ती आपण त्याच्या तोंडी घालतो.

कच्चं उदाहरण घेऊन टीका करणं सोपं असतं. ज्याला वाटेल त्यानं तारे द्यावेत अशा ठिकाणी एक तर फार खूश झालेला लिहितो, नाही तर फार चिडलेला. मधले गप्प बसतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आपण सगळ्यात पक्कं उदाहरण घेऊ: ब्रिटनचं नॅशनल स्टुडंट सर्व्हे, म्हणजे एनएसएस. हे 2005 पासून चालू आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली जाते. एखाद्या अभ्यासक्रमाचे आकडे जाहीर व्हायचे तर निम्म्या विद्यार्थ्यांनी उत्तर द्यावं लागे आणि ते किमान दहा जण तरी असावे लागत. शिकवणं, परीक्षा आणि फीडबॅक, ग्रंथालय, व्यवस्थापन, सगळ्याचे प्रश्न वेगवेगळे. सरकारी पाठबळ, जाहीर आकडे. विद्यार्थ्यांच्या मतावरून विद्यापीठं पारखायची, तर यापेक्षा नीट पद्धत जगात फार ठिकाणी नाही.

आता तिचं काय झालं ते पाहू.

2017 मध्ये इंग्लंडमध्ये शिकवण्याच्या गुणवत्तेसाठी विद्यापीठांना सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी पदकं देण्यात आली. त्या योजनेचं नाव टीईएफ. सहा मुख्य आकडे होते, त्यांतले तीन थेट एनएसएसमधून घेतलेले. निकाल लागला तेव्हा कॉव्हेंट्री विद्यापीठाला सुवर्ण मिळालं आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला कांस्य. तीच संस्था, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. दोन्ही बाजूंनी ओरड झाली. कोणी म्हणालं, पदकंच खोटी. कोणी म्हणालं, बघा, नाव मोठं आणि लक्षण खोटं.

आम्हाला दोन्ही म्हणणी उतावीळ वाटतात. त्या पदकांत प्रत्येक विद्यापीठाची तुलना त्याच्या स्वतःच्या अपेक्षित पातळीशी होती: तुमच्याकडे ज्या प्रकारचे विद्यार्थी येतात, त्यांच्याकडून जेवढं समाधान अपेक्षित होतं, तेवढं मिळालं का? म्हणजे कांस्य मिळालेल्या संस्थेत ज्ञान कमी, असा त्याचा अर्थ नव्हता. विद्यार्थ्यांना आपल्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही असं वाटत होतं, आणि ही गोष्ट खरी होती. संस्थेच्या कीर्तीनं एका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि सर्वेक्षणानं दुसऱ्या. गोंधळ झाला तो आपण दोन्ही उत्तरं एकाच शिडीवर चढवल्यामुळे.

पूर्वी आपल्याकडे धान्य पायलीनं मोजायचे. पण एका भागाची पायली दुसऱ्या भागाच्या पायलीइतकी असेलच असं नसे. माप कोणाचं हे न विचारता दोन गावांच्या राशींची तुलना करणारा माणूस फसायचा. विद्यार्थ्यांचं रेटिंग तसंच आहे. घरातला पहिलाच पदवीधर होणारा मुलगा शिक्षकानं नावानं हाक मारली म्हणून भारावून पाच देतो. महागड्या खासगी शाळेतून आलेली मुलगी तशाच वर्गात बसून तीन देते, कारण तिला त्याहून अधिकाची सवय आहे. दोघंही खरं बोलतात. दोघांची पायली वेगळी आहे. आणि मुख्य म्हणजे दोघांनीही एकच विद्यापीठ पाहिलेलं आहे. ज्यानं एकाच खाणावळीत जेवण केलं, तो मीठ जास्त पडलं हे नक्की सांगू शकतो. गावातली सर्वात चांगली खाणावळ कोणती, हे सांगू शकत नाही.

दुसरी अडचण हितसंबंधाची. 2008 मध्ये ब्रिटनमधल्या किंग्स्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात एक ध्वनिमुद्रण बाहेर आलं. सर्वेक्षणात चांगले आकडे भरा, असं विद्यार्थ्यांना सांगितलं जात होतं. कारण काय, तर विभाग तळाला गेला तर तुमच्या पदवीलाही कोणी विचारणार नाही. त्या वर्षी त्या विभागाचे आकडे वगळण्यात आले. प्रकरण गाजलं, पण त्यातला युक्तिवाद मात्र अगदी बिनतोड होता! ज्या पदवीवर आपल्याला नोकरी शोधायची आहे, तिला आपणच जाहीरपणे कमी लेखायचं का? इथे गुण देणाऱ्याच्या खिशातच निकाल आहे.

याच्या उलटही घडलं. 2017 मध्ये विद्यार्थी संघटनांनी या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला, कारण पदकांची योजना फीवाढीशी जोडली जात होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या ठिकाणी पुरेसे प्रतिसादच आले नाहीत, त्यामुळे त्यांचे आकडे जाहीर झाले नाहीत. आपल्या समाधानाचं कोणीतरी दरपत्रक बनवतंय, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं होतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. समाधान आणि शिकणं एकच का? अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही, नेमून दिला जातो, आणि परीक्षा सगळ्यांना सारखी असते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अभ्यासकांनी तिथल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासून 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या शिक्षकांकडे मुलांना त्या विषयात लगेच चांगले गुण मिळाले, त्यांना रेटिंगही चांगलं मिळालं. पण पुढच्या, त्याच पायावर उभ्या असलेल्या विषयांत त्या मुलांची कामगिरी सरासरीनं कमी भरली. ज्यांनी सुरुवातीला घाम काढला, त्यांची मुलं पुढे टिकली. आता सत्र संपताना फॉर्म भरणाऱ्या मुलाला हे कसं कळावं? पुढचं वर्ष अजून उगवलेलंच नसतं.

आणखी एक छोटा प्रयोग, 2015 साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात काही गटांना शिक्षक पुरुष आहे असं सांगितलं, काहींना बाई आहे असं. प्रत्यक्षात कोण शिकवतं याच्याशी त्या नावाचा संबंध नव्हता. सगळ्यांचे तपासलेले पेपर एकाच वेळी परत दिले गेले. तरी वेळेवर काम परत देण्यासाठी पुरुष-नावाला पाचपैकी 4.35 आणि स्त्री-नावाला 3.55 मिळाले. विद्यार्थी फक्त 43 होते, म्हणून यावरून जगाचा नियम काढू नये. पण घड्याळानं मोजता येणाऱ्या गोष्टीतही नाव शिरतं, एवढं यातून दिसतं.

मग हे सगळं बंद करायचं का? नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. एनएसएसमध्ये वर्षानुवर्षं सर्वात कमी गुण कशाला मिळत होते माहीत आहे? परीक्षा आणि फीडबॅक या भागाला. पेपर उशिरा तपासले जातात, आणि तपासले तरी चूक कुठे झाली ते कळत नाही. ही तक्रार विद्यापीठोविद्यापीठी निघाली म्हणून कित्येक ठिकाणी तपासलेलं काम किती आठवड्यांत परत द्यायचं याचे नियम झाले. हा विद्यार्थ्यांच्या मताचा विजयच म्हणायला हवा. पण लक्षात घ्या, तो विजय अमुक विद्यापीठ तमुकापेक्षा वर आहे, यातून आलेला नाही. अमुक गोष्ट आमच्याकडे होत नाही, या साध्या वाक्यातून आलेला आहे. पुढे 2023 मध्ये प्रश्नावली बदलली तेव्हा इंग्लंडपुरता एकूण समाधानाचा प्रश्नच काढून टाकण्यात आला. नेमके प्रश्न राहिले.

आपल्याकडे काय आहे? एनआयआरएफची पहिली यादी 2016 मध्ये आली. तिच्यात अध्यापनाची साधनं, संशोधन, निकाल, सर्वसमावेशकता आणि प्रतिमा असे पाच घटक आहेत. प्रतिमा मोजताना विचारलं जातं ते शिक्षणक्षेत्रातल्या लोकांना आणि नोकरी देणाऱ्यांना. बाकावर बसणाऱ्याचा तिथे आवाज नाही. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आहे, पण विद्यार्थ्यांची यादी संस्थाच पुरवते. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला आपण काय पाहतो? गेल्या वर्षीचा कट-ऑफ. कट-ऑफ हेही एक मतदानच आहे. फक्त ते तिथे अजून न शिकलेल्यांनी केलेलं असतं. दुरून डोंगर साजरे. म्हणून ब्रिटनच्या पद्धतीवर टीका करताना आम्ही हे विसरत नाही, की तिथे निदान विचारलं तरी जातं.

आणि आता ज्यांच्या घरात परदेशाची तयारी चालली आहे त्यांच्यासाठी. आपल्याकडून ब्रिटनला जाणारी बहुतांश मुलं एक वर्षाच्या मास्टर्सला जातात. एनएसएस मात्र पदवीच्या विद्यार्थ्यांचं आहे. माहितीपत्रकात विद्यार्थी-समाधानाचा जो आकडा छापलेला असतो, तो बऱ्याचदा तुमच्या अभ्यासक्रमाचा नसतोच. मास्टर्सवाल्यांचं वेगळं सर्वेक्षण होतं, पण त्याचे विद्यापीठनिहाय आकडे जाहीर होत नाहीत. म्हणजे दुसऱ्याच्या जेवणाचा अभिप्राय वाचून आपण आपलं ताट मागवतो.

म्हणून रेटिंग वाचताना चार प्रश्न विचारा. पहिला, कोणाला विचारलं? माझा विषय, माझी पातळी त्यात आहे का? दुसरा, कितींपैकी कितींनी सांगितलं? दहाच जणांनी उत्तर दिलं असेल, तर एकाचं मत बदललं की दहा टक्के हलतात. तिसरा, कशाबद्दल? एकूण आकडा बाजूला ठेवा आणि तपशील वाचा. विभाग चांगला आहे, यातून काही कळत नाही. प्रबंधासाठी मार्गदर्शक दोनदाच भेटला, यातून पुष्कळ कळतं. असा तपशील वेगवेगळ्या वर्षांच्या तीन-चार मुलांनी सांगितला, तर तो कोणत्याही ताऱ्यापेक्षा वजनदार आहे. आणि चौथा, सांगणाऱ्यानं दोन्ही ठिकाणं पाहिली आहेत का? पदवी एका विद्यापीठात आणि मास्टर्स दुसरीकडे केलेला माणूस शोधा. दोन्हीकडचं पाणी प्यायलेला तोच. सरासरीत तो वेगळा दिसत नाही, पण फोनवर सापडतो.

जे श्रोते आज स्वतः विद्यार्थी आहेत त्यांना एक सांगणं. फॉर्म आला की भरा, आणि त्यात विशेषणं नको, घडलेलं लिहा. प्रयोगशाळा किती दिवस बंद होती, पेपर किती आठवड्यांनी मिळाले, बदली शिक्षक किती तासांना आले. तुमच्या मागून येणाऱ्या मुलीला चार तारे की पाच, यानं फारसा फरक पडत नाही. पेपर सात आठवड्यांनी मिळाला की दोन, यानं पडतो, आणि हे तिला फक्त तुम्हीच सांगू शकता.

आता प्रश्न घेऊ या.