‘चंद्रकांता’ पुन्हा वाचताना

देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १८८८ साली आली. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, मंत्रिपुत्र क्रूरसिंह, वेश पालटणारे अय्यार आणि गुप्त दारांचा तिलिस्म अशी तिची सामग्री आहे. सेनगावात शाळकरी वयात ती वाचताना ‘पुढे काय?’ एवढाच प्रश्न आमच्यापुढे असे. शेवट ठाऊक असताना वाचले की प्रश्न बदलतो. हे सारे आले कुठून? आणि यात आपण कुठे आहोत?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. अय्यार हा शब्द अरबी. तिलिस्म ग्रीकमधून अरबीत आणि तेथून फारसी-उर्दूत आला. बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणणारा लखलखा, ज्योतिषी जगन्नाथ टाकतो तो रमल, हेही त्याच घरचे. अमीर हमजाच्या दास्तानीतला अमर अय्यार हा खत्रींच्या तेजसिंहाचा पूर्वज म्हणावा लागेल. मुहम्मद हुसेन जाह यांच्या ‘तिलिस्मे होशरुबा’चा पहिला खंड लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ साली निघाला, म्हणजे ‘चंद्रकांता’च्या अवघी पाच वर्षे आधी.

पण खत्रींनी नुसती उचल केलेली नाही. अमर अय्यारच्या झंबिलीत सारे जग मावते. तेजसिंहाच्या बटव्यात मात्र औषधे आणि वेशांतराचे सामान असते. होशरुबाचा तिलिस्म जादूवर चालतो, खत्रींचा कळसूत्रांवर. चकिया व नौगढच्या जंगलांचा ठेका घेतलेल्या या लेखकाने तिथले पडके किल्ले पाहिले होते. म्हणूनच त्यांच्या अद्भुताला दगडमातीचा वास आहे, आणि रहस्याला उलगडा आहे.

दुसरा प्रश्न बोचतो. क्रूरसिंहाचे अय्यार आहेत नाझिम आणि अहमद. लहानपणी ही नावे नुसती ‘त्या बाजूची’ होती; आज ती आपल्या मोहल्ल्यातली वाटतात. खलनायक क्रूरसिंह आणि शिवदत्त हे हिंदूच आहेत, हे खरे. परंतु शिवदत्ताचे बद्रीनाथ, पन्नालाल पुढे सन्मानाने नायकाच्या पक्षात येतात. नाझिम-अहमदसाठी ते दार उघडत नाही. ज्यांच्या परंपरेतून अय्यारी आली, त्यांच्याच नावांना तिचा मान मिळत नाही.

म्हणून पुस्तक टाकून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. न्याय करायचा तर आरसा दोन्हीकडे धरला पाहिजे. होशरुबातही हमजाचा पक्ष तेवढा सत्याचा, आणि समोरचे जादूगर दीन स्वीकारतील तरच चांगले. तरीही ती दास्तान छापली मुन्शी नवलकिशोर यांनी. त्यांच्या छापखान्याने तिच्यातील पक्ष पाहिला नाही, कथेचे मोल पाहिले. तेवढे मन आपणही ‘चंद्रकांता’ वाचताना ठेवावे. मात्र डोळे उघडे ठेवून.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट आहे. सेनगावचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. आमच्या आजोबांच्या पिढीला उर्दू वाचता येई. आम्ही मराठी शाळेत शिकलो, आमची लिपी देवनागरी झाली. त्यामुळे आपल्याच घरची दास्तान आम्हांला खत्रींच्या अंगणातून मिळाली. त्यांचे हे ऋण मानावेच. पण होशरुबाचे निवडक भाग मराठीत आणण्याचे काम आपल्यातील उर्दू-मराठी जाणणाऱ्या लेखकांनी अंगावर घ्यावे. मग आजचे मूल नाझिम-अहमदच्या आधी अमर अय्यारला भेटेल.