अनुभवी शिक्षक आणि आपले वाङ्मय

मराठी वाङ्मयाचा बराच मोठा भाग शाळामास्तरांनी लिहिलेला आहे. केशवसुत मास्तरकी करीत. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत होते. खांडेकरांनी १९२० पासून अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत काढली. या मंडळींनी आईवर लिहिले, देशावर लिहिले, प्रेमावर आणि ध्येयवादावर तर विपुल लिहिले. पण वीस वर्षे शिकवून झालेला मनुष्य एकविसाव्या वर्षी वर्गात नवे काय शिकतो, किंवा त्याचे शिकणे नेमके कोणत्या दिवशी थांबते, या प्रश्नाकडे आपले कथाकार फारसे वळलेले दिसत नाहीत.

हा विषय शिक्षणखात्याचा, टीकाकाराने त्यात कशाला पडावे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, खात्याने अनुभवी शिक्षकांसाठी जे सेवांतर्गत प्रशिक्षण उभे केले आहे, त्याचा मूळ दोष वाङ्मयीन आहे. त्या प्रशिक्षणाच्या डोळ्यांपुढे मास्तराची जी मूर्ती असते, तीच आपल्या कथा-कादंबऱ्यांतही आढळते, आणि ती खोटी आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. मास्तराच्या शिकण्यावर मराठीत याहून चांगली कादंबरी मला ठाऊक नाही. धनगरांच्या त्या वस्तीत मास्तर शिकवितो थोडे आणि शिकतो फार. कारभाऱ्याशी कसे बोलावे, मेंढरांमागे जाणारी पोरे शाळेत कशी आणावी, लोक आपल्यावर विश्वास टाकतात तेव्हा त्याचे ओझे कसे पेलावे, हे सारे तो शिकतो. पण तो पोरसवदा आहे, नवा आहे. त्याचे शिकणे हे वयात येणे आहे. दुसऱ्या टोकाला पु. ल. देशपांड्यांचे चितळे मास्तर. 'व्यक्ति आणि वल्ली' (१९६२) मधील या मास्तरांवर महाराष्ट्राने मनापासून प्रेम केले, मीही केले. परंतु ते कृतज्ञ विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले मास्तर आहेत; जणू जन्मतःच तसे होते. त्यांची पहिली दहा वर्षे कशी गेली, कोणता पाठ त्यांच्या हातून फसला, हे आपल्याला कळत नाही, आणि विद्यार्थ्याला ते कळण्याचे कारणही नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'तही (२००४) मास्तर दिसतात ते नववीतल्या पोराच्या बाकावरून, म्हणजे काहीसे खालून. म्हणजे आपल्याजवळ कच्चा मास्तर आहे आणि पुतळा झालेला मास्तर आहे. मधली वीस वर्षे गायब आहेत.

गिजुभाई बधेकांचे 'दिवास्वप्न' मुळात गुजराती. पण मराठी शिक्षकांत ते इतके वाचले गेले आहे की त्याला वगळता येत नाही. एक उत्साही गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्याकडे चौथीचा वर्ग मागतो आणि वर्षभरात गोष्टी, खेळ, नाट्य यांच्या साहाय्याने त्याचे रूप पालटून दाखवितो. पुस्तक सुंदर आहे. परंतु त्यातील जुन्या शिक्षकांकडे पाहा. ते हसतात, नाक मुरडतात, हे चालायचे नाही असे बजावतात. गोष्ट पुढे सरकण्यासाठी कोणीतरी आडवे यावे लागते, ते काम त्यांच्याकडे. त्यांच्यापैकी एखाद्याला मनातून काय वाटले, तो घरी जाऊन काय पुटपुटला, हे गिजुभाई सांगत नाहीत. स्वतः ते वकिली सोडून या क्षेत्रात आलेले, बाहेरून आलेल्याची ताजी नजर घेऊन. ती नजर मोलाचीच. पण बाहेरून आलेल्याला आतला माणूस जरा सपाट दिसतो.

आता प्रशिक्षणाकडे वळू. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, आणि दोहोंसाठी प्रशिक्षणाची अट. कोठारी आयोगाने (१९६४–६६) दर पाच वर्षांत प्रत्येक शिक्षकाला दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे असे सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने वर्षाला पन्नास तास सांगितले. २०१९ मध्ये 'निष्ठा' आले, पुढे ते मोबाईलवर आले. तासांची कमतरता आहे असे म्हणता येणार नाही. पण जो तज्ज्ञ मार्गदर्शक समोर उभा राहतो तो राज्यात ऐकलेले जिल्ह्यात सांगतो, जिल्ह्यात ऐकलेले तालुक्यात, तालुक्यातले केंद्रात. केंद्रापर्यंत येता येता त्यात उरते उपस्थितीपत्रक, चहा आणि गटकार्याचा तक्ता. तेवीस वर्षे शिकविलेली बाई आणि तेवीस दिवस शिकविलेला पोरगा एकाच सतरंजीवर बसून तोच तक्ता रंगवितात. बाईंना काही विचारायचे असते असे कोणाच्या ध्यानीही येत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते आठवीच्या ज्या सेवेतील शिक्षकांची निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी आहे, त्यांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी. कायद्याच्या दृष्टीने त्यात जे असेल ते असो. पण पंचवीस वर्षांची शिक्षिका रात्री स्वयंपाक उरकून पर्यायी उत्तरांचे गाईड उघडून बसते, हे दृश्य कादंबरीकाराला हलवून सोडण्याजोगे आहे.

याउलट एक जुनी गोष्ट. 'मराठी शालापत्रक' हे शाळाखात्याचे मासिक. कृष्णशास्त्री चिपळूणकरांमागून विष्णुशास्त्री त्याचे काम पाहू लागले, आणि कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू, दंडी यांवरील त्यांचे निबंध त्यातच प्रथम छापले गेले. १८७५ मध्ये सरकारने ते बंद केले. 'निबंधमाला' तोवर सुरू झाली होती. म्हणजे आपली आधुनिक टीका ज्या पानांवर चालायला शिकली ती पाने पंतोजींसाठी होती! पगार बेताचा असला तरी पंतोजी हा विचार करणारा प्रौढ मनुष्य आहे, हे तेथे गृहीत होते. आजच्या प्रशिक्षणाच्या साहित्यात मला एक कविता, एक वाद घालणारा निबंध दाखवावा.

खरे सांगायचे तर ती मधली वीस वर्षे मराठीत लिहिली गेली आहेत. फक्त आपण ती वाङ्मय म्हणून वाचली नाहीत. अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या, पुण्याच्या शाळेत मुरलेल्या. तेथे आणि पुढे कोसबाडला माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने आली. पोर शाळेत येत नाही तर शाळा अंगणात गेली, गुरांमागे कुरणात गेली. पन्नाशी ओलांडल्यावर त्या पदवीधर झाल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे पुस्तक ग्रंथालयात समाजकार्याच्या फळीवर सापडते. लीलाताई पाटील यांनी अध्यापक महाविद्यालयात पुष्कळ वर्षे काढल्यावर १९८५ मध्ये कोल्हापुरास सृजन आनंद विद्यालय काढले. ज्यांनी आयुष्यभर शिक्षक घडविले, त्या पुन्हा लहान मुलांपुढे जाऊन बसल्या. 'शिक्षण देता-घेता' हे त्यांच्या पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. ते शिक्षणशास्त्राच्या फळीवर. टीकाकार दोन्ही फळ्यांकडे जात नाहीत.

या लेखनाच्या पाऊलवाटेने पुढे जे 'उपक्रम' आणि 'यशोगाथा' यांचे पीक आले, त्याविषयी मात्र मला तक्रार आहे. खाते शिक्षकाकडून यशोगाथा मागते, तो लिहून देतो. दर गोष्टीत एक अबोल मूल असते, एक युक्ती असते, आणि शेवटच्या परिच्छेदात मूल बोलू लागते. जे मूल बोललेच नाही त्याचे काय? ते कोठे लिहावे? तो रकाना नमुन्यात नाही. वस्तुतः मुरलेल्या शिक्षकाला जे शिकायचे असते ते तेथेच दडलेले असते.

एक लहानसे उदाहरण देतो. बावन्नातून सत्तावीस वजा करा म्हटले की, काही मुले पस्तीस उत्तर लिहितात. नवा मास्तर चूक म्हणून फुली मारतो. अनुभवी शिक्षकाला दिसते की, पोराने साताखालून नव्हे, सातातून दोन काढले आहेत; मोठ्यातून लहान वजा करायचे असा नियम त्याने स्वतः बनविला आणि इमानाने पाळला. हे दिसणे म्हणजे अनुभव. पण हाच शिक्षक वीस वर्षे 'दहा उसने घे' हे तेच वाक्य त्याच सुरात म्हणत आला असेल, तर ते वाक्य मुलाच्या कानावर काय म्हणून पडते, हे त्याला आता ऐकू येत नाही, तेही अनुभवानेच. एकाच माणसात ही दोन्ही राहतात. तिसरा कोणी मागच्या बाकावर बसून पोराची वही पाहील, पाठ संपल्यावर दोघे भांडतील, आणि त्या भांडणाचे प्रामाणिक टिपण कोणी लिहील, तर ते टिपण प्रशिक्षणही होईल आणि गद्यही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यासाठी तासभर मिळाला तरी पुरे. मासिकांच्या संपादकांनीही अशी पाने मागवावीत. शिक्षक आपण होऊन पाठविणार नाहीत, कारण पस्तीस हे उत्तर लिहिणारे पोर आपल्या वर्गात आहे, हे कबूल करायला त्यांना अधिकाऱ्याची भीती वाटते.