कुंभारीण आणि अळी : एका दृष्टान्ताची परीक्षा

मराठी अध्यात्मवाङ्मयात जे दृष्टान्त पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, त्यांत कुंभारीण आणि अळी यांच्या दृष्टान्ताचे स्थान मोठे आहे. कुंभारीण भिंतीवर मातीचे घर बांधते, त्यात एक अळी आणून कोंडते आणि घराचे तोंड लिंपून टाकते. कोंडलेली अळी भयाने कुंभारणीचेच चिंतन करीत राहते आणि त्या चिंतनाच्या बळावर एके दिवशी स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते, असे या दृष्टान्ताचे सर्वश्रुत स्वरूप आहे. शास्त्रग्रंथांत याला भ्रमर-कीट-न्याय म्हणतात. कीर्तनकाराने तो सांगावा, श्रोत्यांनी मान डोलवावी आणि साधकाने त्यातून ध्यानाचे सामर्थ्य ओळखावे, अशी त्याची परंपरा आहे. परंतु चिंतनाने कुंभारीण होणारी अळी सृष्टीत नाही. ती एक कल्पित जीव आहे. या कल्पित जीवाचे संगोपन, त्याचा आहार (जो येथे केवळ ध्यान आहे) आणि त्याचे रूपांतर यांची एक संपूर्ण कथा मात्र परंपरेने रचली आणि ती खरी मानली. ही कथा वस्तुस्थितीशी विसंगत ठरल्यावर दृष्टान्ताचे काय उरते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात विचारण्यास विशेष कारण आहे. धाम नदीच्या काठी पवनार येथे १९३८ पासून विनोबांचे वास्तव्य होते. भागवताच्या एकादश स्कंधातील निवडक श्लोकांचा ‘भागवत-धर्म-सार’ हा संग्रह त्यांनीच सिद्ध केला. कुंभारणीचा दृष्टान्त ज्या अवधूतसंवादात येतो, तो याच स्कंधातील आहे. दुसरीकडे, ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. झाकिर हुसेन समितीने तिचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात सामान्य विज्ञानाखाली निसर्गनिरीक्षण आणि प्राणिशास्त्र यांना जागा होती. सेवाग्राम हे या शिक्षणाचे केंद्र झाले. आणि या दोहोंच्या भोवती पसरलेला प्रदेश कापसाचा आहे. तेथील शेतकऱ्याला अळी, कोष आणि पतंग ही एकाच जीवाची रूपे आहेत हे कोणी शिकवावे लागत नाही. पिकाच्या नुकसानीने ते त्याला शिकविलेले असते. भागवताचे चिंतन, डोळस शिक्षणाचा आग्रह आणि शेतीचा अनुभव एका जिल्ह्यात एकत्र नांदत असताना हा दृष्टान्त तपासल्यावाचून पुढे चालविणे योग्य ठरत नाही.

प्रथम मूळ ग्रंथांकडे वळणे इष्ट होईल. भागवतात हा दृष्टान्त एकाहून अधिक स्थळी येतो. सप्तम स्कंधाच्या प्रारंभी नारद युधिष्ठिराला शिशुपालाच्या सद्गतीचे रहस्य सांगतात. तेथे भिंतीतील घरात कोंडलेला कीटक द्वेष आणि भय यांच्या योगाने कोंडणाराचे स्मरण करीत त्याचेच रूप पावतो, असे म्हटले आहे. एकादश स्कंधाच्या नवव्या अध्यायात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंविषयी सांगतो. त्या मालिकेतील शेवटचा गुरू कुंभारीण होय. तेथे स्नेह, द्वेष वा भय यांपैकी कोणत्याही कारणाने मन जेथे संपूर्ण जडते तद्रूपता येते, असा व्यापक सिद्धान्त मांडून मग कीटकाचे उदाहरण दिले आहे; आणि कीटक आपले पूर्वीचे शरीर न टाकताच ते साम्य पावतो, असेही स्पष्ट सांगितले आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत हाच दृष्टान्त पुन्हा भेटतो. पण तेथे भय आणि द्वेष यांचा उल्लेख नाही. इतर सर्व व्यवहार सोडून केलेले एकनिष्ठ ध्यान एवढेच कारण तेथे उरले आहे. एकनाथांनी शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये वाराणसी येथे पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतामुळे चोवीस गुरूंची ही मालिका मराठी श्रोत्याच्या नित्य परिचयाची झाली.

या स्थळांची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. कीटक तोच, घर तेच, परंतु रूपांतराचे कारण स्थळानुसार बदलते : एके ठिकाणी द्वेष आणि भय, दुसऱ्या ठिकाणी कोणतीही उत्कट भावना, तिसऱ्या ठिकाणी शुद्ध एकाग्रता. निरीक्षणातून आलेल्या गोष्टीचे कारण असे सोयीनुसार बदलत नाही. ज्या सिद्धान्तासाठी दृष्टान्त योजला, त्या सिद्धान्तानेच कीटकाच्या मनात भाव भरला, असे यावरून म्हणावे लागते.

भागवतात कुंभारणीसाठी आलेला ‘पेशस्कृत्’ हा शब्दही विचारार्ह आहे. ‘पेशस्’ म्हणजे रूप किंवा अलंकरण. पेशस्कृत् म्हणजे रूप घडविणारा. बृहदारण्यकोपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जीवाच्या देहांतराचे वर्णन करताना दोन दृष्टान्त लागोपाठ येतात. एक गवताच्या टोकाशी पोचून दुसऱ्या आधाराला धरणाऱ्या तृणजलायुकेचा, आणि दुसरा सोन्याचा अंश घेऊन त्याला नवे रूप देणाऱ्या पेशस्कारीचा, म्हणजे सोनाराचा. तेथे सरपटणारा जीव वेगळा आणि रूप घडविणारा कारागीर वेगळा आहे. भागवतात ‘पेशस्कृत्’ हे नाव कारागिराऐवजी एका कीटकाला मिळाले, आणि त्याच्यासमोर दुसरा कीटक केवळ घडविले जाणारे द्रव्य म्हणून उभा राहिला. मराठीने याच कीटकाला कुंभारीण म्हटले. येथे मात्र लोकभाषेची दृष्टी अधिक अचूक ठरते. कुंभारीण मडके घडविते. मडक्यात ठेवलेल्या वस्तूला ती घडवीत नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. मराठीत ज्यांना सरसकट कुंभारीण म्हणतात त्या एकाच जातीच्या माश्या नाहीत. त्यांतील काही लहान तोंडाच्या मडक्यासारखे घर करतात आणि त्यात अळ्या साठवितात. काही मातीच्या नळ्या शेजारी शेजारी जोडून त्यांत कोळी भरतात. मादी भक्ष्याला डंख मारते. त्या विषाने ते लुळे पडते, पण मरत नाही. त्यामुळे कुजतही नाही. घरात ती अंडे घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र याने १८७९ ते १९०७ या काळात प्रसिद्ध केलेल्या दहा खंडांच्या ग्रंथात या माश्यांचे सूक्ष्म वर्णन आहे. मडके करणाऱ्या कुंभारणीचे अंडे घराच्या छतापासून एका बारीक धाग्याने लोंबत असते, असे त्याने पाहिले. खाली पडलेल्या अळ्यांच्या वळवळीपासून ते त्यामुळे सुरक्षित राहते. अंड्यातून निघालेले कुंभारणीचे पिल्लू हीही एक अळीच असते. ती साठविलेले भक्ष्य खाऊन वाढते, कोषावस्थेत जाते आणि पंख फुटल्यावर मातीची भिंत फोडून बाहेर येते.

म्हणजे परंपरेने पाहिलेले बरेचसे खरे होते. अळी आत गेली हे खरे. घर बंद झाले हे खरे. काही दिवसांनी कुंभारीण बाहेर आली हेही खरे. एवढेच नव्हे, तर एका अळीचे कुंभारणीत रूपांतर झाले हे विधानही शब्दशः खरे आहे. चूक इतकीच की ती अळी दुसरी होती. मराठीत भक्ष्य झालेल्या जीवालाही अळी म्हणतात आणि कुंभारणीच्या बाळालाही अळीच म्हणतात. दोन निरनिराळ्या जीवांची चरित्रे बंद घराच्या अंधारात एकमेकांत मिसळली आणि त्यांतून एक तिसरा, कल्पित जीव उत्पन्न झाला. माती थापताना काही कुंभारणींच्या अंगाचा जो गुंजारव ऐकू येतो, तो माती सैल करून बसविण्याच्या कंपाचा असतो. अळीला उद्देशून तो नसतो.

ही चूक केवळ भारतीय नव्हे. चीनच्या ‘शी-चिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात कुंभारीण दुसऱ्या कीटकाची पिले उचलून नेते असा उल्लेख आहे. पुढे यांग श्योंग या पंडिताने, ती त्या पिलांना ‘माझ्यासारखे हो’ असे सांगत राहते आणि ती तशी होतात, असे लिहिले. त्यामुळे चिनी भाषेत दत्तकपुत्राला त्या अळीचेच नाव मिळाले. परंतु पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधीवर ताओ होंगजिंग या वैद्यक-पंडिताने हे मत खोडून काढले. अंडी कुंभारणीची स्वतःची असतात आणि अळ्या त्या पिलांचे अन्न असते, असे त्याने नोंदविले. एकाच मातीच्या घरातून चीनने दत्तकविधान काढले आणि भारताने ध्यानयोग काढला. त्या समाजांना जे मोलाचे वाटत होते, तेच त्यांना त्या घरात दिसले. फरक एवढाच की चीनमध्ये एका विद्वानाने घराच्या आत डोकावून पाहिले.

अवधूताच्या इतर गुरूंशी कुंभारणीची तुलना केली असता या चुकीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पडेल ते खाऊन राहणारा अजगर, पिलांच्या मोहात जाळ्यात सापडणारा पारवा, हत्तिणीच्या मागे खड्ड्यात पडणारा हत्ती, ज्योतीवर झेपावणारा पतंग यांची निरीक्षणे वस्तुस्थितीला धरून आहेत, कारण त्यांची कृती उघड्यावर घडते. कोळ्याच्या बाबतीत निरीक्षण अर्धे खरे आहे. आपलेच जाळे गिळून टाकणारे कोळी आहेत, हे बरोबर. परंतु धागा तोंडातून निघतो हे चूक, तो पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून निघतो. कुंभारणीच्या बाबतीत कृती संपूर्णपणे बंद भिंतीआड घडते, आणि तेथेच कल्पनेने सर्व जागा व्यापली. जेथवर दृष्टी पोचली तेथवर अवधूताचा ग्रंथ विश्वसनीय आहे.

यावर दोन प्रकारची मते संभवतात. पहिले असे की, दृष्टान्ताचा आधार खोटा ठरला म्हणून तो टाकून द्यावा. दुसरे असे की, दृष्टान्त हा केवळ समजुतीसाठी असतो, त्यामुळे त्याच्या सत्यासत्यतेचा विचारच अप्रस्तुत आहे. पहिले मत दृष्टान्त आणि सिद्धान्त यांतील भेद विसरते. मन ज्याचा ध्यास घेते त्याचे वळण त्याला लागते, हे मानवी अनुभवाचे सत्य कुंभारणीवर अवलंबून नाही. दुसरे मत अधिक सभ्य दिसते, पण अधिक घातक आहे. दृष्टान्त सिद्धान्ताला केवळ सजवीत नाही, तो त्याला वळण देतो. कुंभारीण हा गुरू आणि अळी हा शिष्य असे एकदा ठरले, की शिष्याला कोंडणे, त्याला भयात ठेवणे आणि त्याचे स्वत्व पुसून त्याला आपली प्रतिकृती करणे या गोष्टी गुरुकृपेची लक्षणे ठरू लागतात. वस्तुस्थिती अशी आहे की, त्या घरात कोंडली गेलेली अळी काहीही होत नाही. ती खाल्ली जाते. वाढते ते कुंभारणीचे स्वतःचे बाळ, आणि तेही भयाने किंवा ध्यानाने नव्हे, तर अन्न मिळाले म्हणून आणि स्वतःच्या स्वभावधर्माने. आई तर तेथे हजरही नसते. या उदाहरणातून शिक्षणाचा काही बोध घ्यायचाच असेल, तर तो परंपरागत बोधाच्या अगदी उलट निघतो.

वर्धा जिल्ह्यातील कापसाच्या शेतात या दृष्टान्ताचे आधुनिक रूपही पाहावयास मिळते. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचे फार मोठे नुकसान केले. बोंडअळ्यांच्या बंदोबस्तासाठी जे उपाय सांगितले जातात, त्यांत ट्रायकोग्रामा या अतिसूक्ष्म गांधीलमाशीची कार्डे शेतात लावणे हा एक आहे. ही माशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. ते अंडे पुढे काळे पडते आणि त्यातून अळीऐवजी माशी बाहेर येते. पतंगाच्या अंड्यातून माशी निघालेली पाहून, अंड्याने माशीचे ध्यान केले असे कोणताही शेतकरी म्हणत नाही. आतला जीव खाल्ला गेला, हे त्याला ठाऊक असते. आणि त्या ज्ञानावर त्याच्या पिकाचा काही भाग अवलंबून असतो.

तथापि, या परीक्षेत अवधूत पराभूत होतो असे समजण्याचे कारण नाही. संवादाच्या प्रारंभीच तो यदुराजाला सांगतो की, आपले गुरू पुष्कळ आहेत आणि ते आपण आपल्या बुद्धीच्या आश्रयाने केलेले आहेत. पृथ्वी, पारवा, कोळी वा कुंभारीण यांपैकी कोणीही त्याला उपदेश केला नाही, कोणीही त्याला कोंडले नाही. तो मोकळा हिंडला, त्याने पाहिले आणि स्वतः निष्कर्ष काढला. चोवीस गुरूंनंतर तो स्वतःच्या देहालाही गुरू मानतो आणि त्याचेही परीक्षण करतो. शिष्यत्वाची ही कल्पना कोंडलेल्या अळीच्या कल्पनेशी जुळत नाही. एकाच संवादात दोन्ही शेजारी आहेत. परंपरेने अळी उचलली आणि पाहणारा अवधूत मागे ठेवला.

म्हणून या दृष्टान्ताचा योग्य उपयोग तो वगळण्यात नाही, तसाच डोळे मिटून सांगण्यातही नाही. पावसाळ्यानंतर गावातील शाळेच्या भिंतीवर किंवा गोठ्याच्या वाशावर कुंभारणीचे रिकामे घर सहज सापडते. शिक्षकाने एकनाथी भागवताचा नववा अध्याय समजावून सांगावा आणि त्याच दिवशी ते घर मुलांसमोर फोडावे. आत कोषाचे टरफल मिळेल. भक्ष्याचे अवशेष उरले असतील तर तेही मिळतील, आणि एखादे वेळी अळीऐवजी कोळ्यांचे पाय निघतील. मुलांनी ग्रंथातील वाक्य आणि हातातील माती यांची तुलना करावी. अवधूताने जी बुद्धी वापरली म्हणून तो सांगतो, तीच बुद्धी वापरण्याचा हा प्रकार असल्यामुळे त्यात भागवताचा अनादर होत नाही.